लावप्पाची यादी

कॅम्पातल्या एका गाळ्यात, दात काढायच्या खुर्चीमागे
आमचा पंथ सुरू झाला.
साल कुणी लिहून ठेवलं नाही. सटुप्पा सांगायचा,
टांग्यांना नंबर मिळाले त्याच्या आदल्या वर्षी.

मूळ पुरुषाचं नाव ल्याव.
गिऱ्हाइकांनी त्याला आपला अप्पा जोडला,
तो लावप्पा झाला.
कवळ्यांच्या कपाटाशेजारी त्याच्या गुरूंची उभी यादी :
चौदा नावं, पागोळीसारखी
वरून खाली.
कुणाला वाचता येत नव्हती, तोही वाचून दाखवत नसे.
पहाटे दुकान झाडून तिच्यापुढे कपभर चहा ठेवायचा,
निवला की स्वतःच प्यायचा.

सटुप्पा बिर्जे त्याचा कंपाउंडर. येळ्ळूरचा,
तालमीतला गडी,
ओरडणाऱ्यांचे खांदे दाबून धरायला ठेवलेला.
एकदा लावप्पा त्याला म्हणाला,
"जोर लावू नको. दात आपणच यायला निघालाय."
एवढंच वचन. दुसरं नाही.
बाकी सगळं नुसतं उभं राहणं :
गुडघे सैल, जीभ टाळूला,
हात असे, की कडेवर मूल आहे
आणि आत्ताच डोळा लागलाय त्याचा.
वर्षभर सटुप्पा तसा उभा राहिला.
मग तालमीत त्याला कुणी पाडेना,
त्यालाही कुणाला पाडावंसं वाटेना.
वस्तादानं वैतागून लंगोट परत मागितला.

बासष्टच्या थंडीत जीप आली.
लावप्पानं हातातली कवळी आधी पुरी बसवली,
गिऱ्हाइकाला चूळ भरायला लावली,
हात धुतले, गेला.
यादी पुराव्यात जमा झाली –
चौदा म्हातारे, मुक्काम पोस्ट फाईल.
भिंतीवर तिच्या जागी उभा पांढरा पट्टा उरला.
सटुप्पा पट्ट्यापुढे चहा ठेवू लागला.

तिसरी गंगव्वा, मार्कंडेयच्या काठची परटीण.
हा मराठीत सांगे, ती कन्नडात ऐके.
'सोड' तिच्या तोंडी 'बिडू' झालं;
लावप्पाच्या बोलीत मुळात काय होतं, देव जाणे.
ओलं लुगडं पिळता पिळता ती थांबायची,
"पिळायलास कशाला गा? टांग की. पाणी जातंय."

चौथे पुंडलिक मास्तर. त्यांनी वही केली.
वही केली आणि पंथ फुटला :
श्वास आधी सोडायचा, खानापूरकर म्हणाले.
आधी घ्यायचा, काकतीकर.
पाच वर्षं एकमेकांच्या लग्नात कुणी जेवलं नाही.
मग काकतीच्या बाळक्का वारल्या.
खानापूरकर खांद्याला आले.
चढावर सगळे सारखेच धापले,
कोण आधी काय करतोय ते कळेना.
वही त्याच दिवशी कुणीतरी बंबात घातली.
मास्तरांनीच, असं मला वाटतं.

मधे एकानं पाटी लावायचं काढलं.
कुठल्या भाषेत?
सगळे गप्प.
समोरच्या हॉटेलाच्या पाटीवरचं डांबर अजून ओलं होतं.
लावली नाही. म्हणून फासायलाही कुणी आलं नाही.
अर्ध्या जिल्ह्याला आम्ही आहोत हेच माहीत नाही,
हे मी अभिमानानं सांगत नाही.
कधीकधी वाईटही वाटतं.

आता रेल्वे गेटाजवळच्या कापल्या भातशेतात
आम्ही सात जण. थंडीत पाच.
शाळेला जाणारी पोरं विचारतात, "काय शोधायलाय हो काका?"

गाळ्यात हल्ली मोबाईलची कव्हरं मिळतात.
मालकानं चुना काढला, पट्टाही गेला.
चहा कुठं ठेवायचा, हा प्रश्न आला,
तेव्हा मी कचेरीत जाऊन यादी मागितली.
कारकुनानं फॉर्म दिला, कन्नडमधला,
आणि बोटानं रकाना दाखवला :
मयताशी अर्जदाराचं नातं.

मयत, हे त्यानं ठरवलेलं.
मागे रांग होती. पेन त्याचंच.
मी लिहिलं : चहा ठेवतो.